खंडेनवमीचा कागद

खंडेनवमीला थोरल्या वस्तीवर राज्य बनुबाईचं. एरवी घरात रंगनाथरावांचा शब्द चालायचा, आणि अलीकडे त्यांच्या मागोमाग लेकाचा, वाल्मिकचाही चालू लागला होता. पण या एका दिवशी बापलेक सांगितलेलं काम मुकाट्याने करायचे. सकाळी नऊच्या आत दोन्ही ट्रॅक्टर धुऊन झाले. कोयते, खुरपी, टिकाव, फवारणीचे पंप, सुनेचं शिलाई मशीन, सगळं ओट्यावर ओळीने मांडून झालं. झेंडूच्या माळा ओवताना बनुबाई दरवर्षी एकच वाक्य म्हणायची, "हत्यारं वर्सभर आपली सेवा करत्यात, एक दिस आपून त्यांची करायची." यंदा सुनेने, दिपालीने, ते सासूच्याच आवाजात आधी म्हणून टाकलं आणि ओट्यावर हशा पिकला.

बनुबाई मात्र हसली नाही. त्याला कारण होता तिचा धाकटा दीर.

गहिनीनाथ श्रीरामपूरच्या कॉलेजात तेहतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून मेअखेरीला निवृत्त झाला होता. एवढ्या वर्षांत खंडेनवमीला तो कधी वस्तीवर आला नव्हता. त्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांची आणि तराजूंची पूजा असायची. आता निवृत्त माणसाला कसली प्रयोगशाळा! बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली. साहेब सकाळच्या एस.टी.ने हजर झाले, सोबत कानिफनाथ नावाचा जुना विद्यार्थी, आणि आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, यंदा यंत्राची पूजा माझ्यादेखत होऊ द्या."

यंत्र म्हणजे गच्चीवरचं हवेचं यंत्र. माणसाच्या छातीएवढं उंच, पत्र्याचं, वर घरासारखं छप्पर असलेलं. आत एक पंप, तो हवा ओढतो आणि ती हवा एका पांढऱ्या कागदातून जाते. हवेत जे काही असेल, धूळ, काजळी, राख, ते कागदावर बसतं. सोमवारी आणि गुरुवारी नवा कागद लावायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा. कागदाला बोट लावायचं नाही, चिमट्याने धरायचा. पाकिटात घालून पाकीट बंद करायचं, आणि वहीत लिहायचं : वार, वेळ, वारा कुठून, धूर कसला. आठवड्याची पाकिटं एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची, ती श्रीरामपूरला सरांच्या टेबलावर पोचायची. हे काम बनुबाई एकोणीस वर्षं करत आली होती. शिक्षण चौथी पास. पहिल्या दिवशी ती दिराला म्हणाली होती, "भाऊजी, कॉलेजात इतकी शिकल्याली पोरं हायेत, माज्यासारखीला कशाला अडकवता?" तेव्हा गहिनीनाथ म्हणाला होता, "शिकलेली पोरं सुट्टीत घरी जातात, वहिनी. हवा सुट्टी घेत नाही."

त्याची माणसं जोडायची तऱ्हाच न्यारी. नव्या वर्गाला पहिल्या तासाला तो फळ्यावर काही लिहायचाच नाही. प्रत्येकाला पांढऱ्या फडक्याचा एक तुकडा द्यायचा आणि सांगायचा, ओला करून आपल्या घराबाहेर दोरीवर दोन दिवस वाळत घाला अन् परत आणा. मग श्रीगोंद्याचं फडकं, राहुरीचं फडकं, पाथर्डीचं फडकं, सगळी प्रयोगशाळेत ओळीने टांगायची, आणि त्या फडक्यांवरून वर्षभर शिकवायचं. हा कानिफनाथ ऊसतोडणी कामगारांचा पोरगा. त्याचं फडकं आईबापाच्या कोपीबाहेर, म्हणजे पाचटाच्या झोपडीबाहेर, उसाच्या फडाच्या कडेला वाळलेलं, सगळ्यांत काळं निघालं. वर्ग हसला. गहिनीनाथने ते फडकं मधोमध टांगलं आणि म्हणाला, "हसताय काय? एवढा पुरावा तुमच्यापैकी एकानेही आणलेला नाही." आता तोच कानिफनाथ पुण्यात ढगांवर संशोधन करतो आणि खांद्याला लॅपटॉप अडकवून सरांच्या पिशव्या उचलत हिंडतो. पुण्याच्या मोठ्या संस्थेने खुद्द गहिनीनाथलाही दोनदा बोलावलं होतं. गेला नाही. "जिथली हवा माझी माणसं खातात, तिथंच मी ती मोजणार," हे त्याचं उत्तर. वस्तीवर त्याला कुणी खुळा म्हटलं, कुणी शहाणा म्हटलं, पण बनुबाईला मनातून त्याचा फार अभिमान. माहेरी गेली की दिराचं नाव आधी काढायची, नवऱ्याचं मागून.

आणि याच दिरापासून तिने एक गोष्ट एकोणीस वर्षं लपवली होती.

दर खंडेनवमीला ती एकटी गच्चीवर जायची. यंत्राला हळदकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायची आणि धुपाटण्यात निखाऱ्यावर गुग्गुळ टाकून धूप घालायची. इतर हत्यारांसोबत यंत्रही पुजलं जातं एवढं दिराला ठाऊक असणारच, पण ते चालू ठेवून पुजलं जातं हे तिने कधी सांगितलं नव्हतं. वार कुठलाही असो, नवा कागद लावायचा, बटण दाबायचं आणि मगच ओवाळायचं. ट्रॅक्टरही सुरू करूनच ओवाळतात की! बंद पडलेल्या हत्याराची कुणी पूजा करतं का? वहीत मात्र तारीख आणि वेळ एवढंच. धूर कसला, ती जागा कोरी. शेजारणीची चूल तिने लिहिली, वाल्मिकच्या ट्रॅक्टरचा धूर लिहिला, एवढंच काय, ऊस तुटल्यावर रंगनाथरावांनी रानातलं पाचट पेटवलं तेव्हा 'पाचट पेटलं, आपलंच' असंही लिहिलं. पण देवाच्या धुपाला कुणी धूर म्हणेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. दिपाली सून म्हणून आली, ती या गहिनीनाथचीच विद्यार्थिनी. पहिल्याच खंडेनवमीला ती हळूच बोलली, "आई, यंत्राला काय कळतंय, धूप काय अन् पाचट काय? त्याला सगळा धूरच." बनुबाईच्या पायाखालची जमीन सरकली. पुढच्या वर्षी तिने कागद लावला, पण पूजा केलीच नाही, आणि त्याच महिन्यात यंत्राचा पंप जळाला! झालं. मग बाईची काय बिशाद होती परत चुकवायची? पूजा चालू राहिली, आणि दिराला सांगायचं धाडस दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकललं गेलं.

आज तो दीर खुर्ची टाकून पडवीत बसला होता.

तेवढ्यात अंगणात पांढरी गाडी थांबली. कल्याणराव उतरले. कल्याणराव म्हणजे कारखान्याच्या चेअरमनचा उजवा हात. रंगनाथराव त्याच कारखान्याचे संचालक, आणि वाल्मिकचे दोन्ही ट्रॅक्टर हंगामात कारखान्याच्या ऊसवाहतुकीला, त्यामुळे या घरात कल्याणरावांना पाणी मागावं लागत नसे, आधीच यायचं. कारखान्याला नवा बॉयलर बसवायचा होता. त्याची जनसुनावणी येत्या सोमवारी, आणि गहिनीनाथ तिथे एकोणीस वर्षांच्या नोंदी मांडणार हे तालुकाभर झालं होतं.

"सर, आपन आमच्या भागाचं भूषन," कल्याणरावांनी बसता बसता सुरुवात केली. "तुमच्या निरोप समारंभाला कुठनं कुठनं पोरं आली होती! कलेक्टर कचेरीतला साहेब पाया पडला म्हणे. आम्हाला अभिमान हाय."

"चहा घ्या," गहिनीनाथ म्हणाला. "मग बोला, कशासाठी आलात ते."

ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याच्यापुढे सोयच नव्हती. कल्याणराव हसले. "सोमवारचं म्हनतो मी. बोला तुमी, बोलायलाच पायजे. पर जरा सांभाळून. शेवटी कारखाना आपलाच हाय."

"आपला आहे म्हणून तर बोलायचं. माझी फी तीन वर्षं कारखान्याच्या शिष्यवृत्तीतून भरली गेली, कल्याणराव. मी विसरलेलो नाही. बॉयलर नको असं मी म्हणतच नाही. राख धरणारी यंत्रणा आधी बसवा, बॉयलर नंतर पेटवा, एवढंच म्हणणं. आणि दुसरी गोष्ट. हंगामात हवेत जी काजळी असते, तिच्यात धुराड्यापेक्षा मोठा वाटा शेतात पेटवलेल्या पाचटाचा आहे. तेही मी सांगणार. पहिलं नाव या वस्तीचं घेणार."

रंगनाथरावांचा कप बशीत आदळला. "आरं, सोताच्या घराचं नाव? डोकं फिरलं का तुजं, गहिनी?"

"वहिनींनीच लिहून ठेवलंय, दादा. तीन वर्षं सलग. मी ते खोडू का?"

रंगनाथरावांनी दाराकडे पाहिलं. तिथे रिकामा ट्रे घेऊन बनुबाई उभी. नवऱ्याची नजर अशी, की ट्रे तिथेच ठेवून ती आत वळली. पण कल्याणरावांचं पुढचं वाक्य तिला ऐकू आलंच.

"नोंदी पक्क्या असल्या म्हंजी झालं, सर. न्हाईतर उद्या कुनी उठून म्हनायचं, यंत्राजवळ भलतंच काहीतरी हुतं, म्हनून कागद काळे निघाले. मग एकोनीस वर्सं पान्यात!"

बनुबाई भराभरा चुलीकडे निघाली.

ती चुलीपाशी पोचते न पोचते तोच मागोमाग वाल्मिक आला. आवाज खाली ठेवून म्हणाला, "आई, काकाला तू सांग. तुजं ऐकत्याल ते."

"काय सांगू?"

"सोमवारी जाऊ नका म्हनून. गेले तर कल्याणराव समद्यांम्होरं सांगनार हाय, की यंत्राला घरची बाई धूप घालती, नारळ फोडती. लोकं हसतील, आई. काकाचं जल्माचं काम मातीत जाईल. त्यापरीस गप बसलेलं काय वाईट?"

बनुबाईने लेकाकडे नीट पाहिलं. "कल्याणला कुनी सांगितलं हे?"

वाल्मिकने मान खाली घातली.

"मी इचारती, कुनी सांगितलं?"

"बोलता बोलता निघून गेलं. गंमत म्हनून सांगितलं हुतं मी. त्यो असं धरून ठेवील असं वाटलं न्हाई." मग जरा चिडून, "अन् खोटं हाय का त्यात? घालतीस ना तू धूप?"

खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. बनुबाई पाटावर बसली. दिराने तेहतीस वर्षं पोरं घडवली, एकोणीस वर्षं हवा तोलली, आणि त्या सगळ्यावर पाणी पडणार ते कुणामुळे, तर तिच्या चिमूटभर गुग्गुळामुळे! तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला, स्वतःचाच. सोमवारी भर सभेत भाऊजींची मान खाली जाणार. आणि आता पाया पडून 'जाऊ नका' म्हटलं तर तो माणूस थांबेलही. वहिनीचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. मग घराण्याची लाज राहील, लेकाचे ट्रॅक्टर राहतील, नवऱ्याचं संचालकपद राहील. फक्त त्याचं काम तेवढं मातीत जाईल, आणि का गेलं हे त्याला कधीच कळणार नाही.

दिपाली दारात उभी राहून सगळं ऐकत होती. वाल्मिक तिला म्हणाला, "तू तरी सांग आईला."

"मी काय सांगू? तुम्ही बाहेर काय काय सांगत फिरता ते आधी बघा," दिपाली फटकन म्हणाली, आणि सासूपाशी बसली. "आई, मी पण तितकीच चुकले. मला माहीत होतं. तेव्हाच सरांना सांगायला हवं होतं मी. पण नवी नवरी, सासूची चहाडी कशी करणार?"

"तुजं काय चुकलं न्हाई, बाई. धुपाटनं माज्याच हातात हुतं." बनुबाईने डोळे पुसले आणि उठली. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरून वही काढली, तिचा कोपरा पदराने पुसला. "आपल्या हातानं केलंय, आपल्याच तोंडानं सांगायचं. त्या कल्याणच्या तोंडून भाऊजींनी का ऐकावं?"

"आई, सगळ्यांसमोर?" वाल्मिक घाबरला.

"मंग काय कोपऱ्यात सांगू? चोरी केलीय का म्या?"

पडवीत आली तेव्हा रंगनाथराव भावाला समजावत होते आणि भाऊ ऐकत नव्हता. बनुबाई सरळ दिरासमोर जाऊन उभी राहिली. पुरुषांच्या बैठकीत ती अशी कधी आली नव्हती. रंगनाथराव म्हणाले, "काय गं?" पण तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"भाऊजी, मला तुमास्नी एक सांगायचंय. यंत्राची पूजा मी दरवर्सी करती. यंत्र चालू ठिवून. धूप घालती, गुग्गुळाचा, चांगला भरपूर. आन् वहीत लिवलं न्हाई. आदी कळत नव्हतं म्हनून, मागून कळाय लागलं तर भ्या वाटलं म्हनून. ह्यो कल्याण सोमवारी तेच सांगनार हाय. तुमी त्याच्या तोंडून ऐकू नये म्हनून मी सांगती. तुमचं काम मी नासवलं. काय बोलायचं ते बोला मला."

एका दमात बोलून ती थांबली. कल्याणराव चुळबुळले, कारण बाण सोडायच्या आतच कुणीतरी भात्यातून काढून घेतला होता.

गहिनीनाथ खुर्चीतून उठला. बनुबाईला वाटलं, आता हा चिडणार. तो कानिफनाथकडे वळला. "कानिफ, तो आलेख काढ बरं."

कानिफनाथने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. पडद्यावर एक लांबलचक रेघ, चढती-उतरती, एकोणीस हिवाळ्यांचे एकोणीस डोंगर. आणि जवळजवळ दर डोंगराच्या थोडं अलीकडे, सपाटीवर, एकेक लाल ठिपका.

"हे काय आहे ओळखा, वहिनी."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"हे तुम्ही आहात." गहिनीनाथने पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा पहिल्या वर्षीचा खंडेनवमीचा कागद. हा दुसऱ्या वर्षीचा. त्या दिवसांत कारखाना बंद असतो. कुणाच्या रानात पाचट नसतं. मग एकाच दिवसाच्या कागदात एवढं पोटॅशियम कुठून आलं? पोटॅशियम म्हणजे काहीतरी झाडपाल्याचं जळलं. दोन वर्षं डोकं खाजवलं मी. तिसऱ्या वर्षी कागदाचा वास घेतला, गुग्गुळाचा! अन् तारीख बघितली, खंडेनवमी. एकटाच हसत बसलो प्रयोगशाळेत. शिपाई घाबरला."

"म्हंजी... तुमाला ठावं हुतं?"

"सोळा वर्षं. तो एक दिवस मी हिशेबात धरतच नाही. बाजूला काढतो, आणि बाजूला का काढला तेही लिहितो." तो कल्याणरावांकडे वळला. "तुम्ही गुपित म्हणून जे घेऊन आलात ना, ते छापून झाल्याला नऊ वर्षं झाली. माझ्या शोधनिबंधात तिसऱ्या पानावर आहे, 'घरातील पूजेचा दिवस वगळला आहे.' सोमवारी वाचून दाखवायचं असेल तर प्रत देतो तुम्हाला."

दिपालीला हसू आवरेना. ती तोंडाला पदर लावून आत पळाली.

"उलट त्या दिवसाचा मला फायदाच झाला," गहिनीनाथ आता रंगात आला होता, वर्गात यायचा तसाच. "यंत्र बरोबर चाललंय की नाही, कसं ओळखायचं? ज्या धुराची तारीख आपल्याला ठाऊक आहे, तो धूर कागदावर उमटला पाहिजे. वर्षातून एकदा वहिनी यंत्राची परीक्षा घ्यायच्या. फक्त एका वर्षी ठिपका नाही. हे बघा, इथे. कागद स्वच्छ. माझ्या काळजात धस्स झालं. वाटलं, वहिनी आजारी आहेत. मी फोन केला होता, आठवतं?"

बनुबाईला लख्ख आठवलं. ज्या वर्षी तिने पूजा चुकवली, त्याच वर्षी दिवाळीच्या आधी दिराचा अवेळी फोन आला होता, आणि काम काही नसताना त्याने तीनदा विचारलं होतं, वहिनी, तब्येत बरी आहे ना?

तिचे डोळे भरून आले. आणि लगेच, भरल्या डोळ्यांनीच, ती कडाडली, "समद्या जगाला छापून सांगितलं, आन् मला न्हाई सांगितलं? इतकी वर्सं मी उरावर धोंडा घिऊन निजती, भाऊजी! एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?"

गहिनीनाथचा चेहरा उतरला. एवढा मोठा प्रोफेसर, कलेक्टर कचेरीतले साहेब ज्याच्या पाया पडतात तो, वहिनीसमोर पोरासारखा उभा राहिला. "चुकलो, वहिनी. खरंच चुकलो. मी भ्यालो. विचारलं असतं तर तुम्ही ओशाळला असता, पुन्हा यंत्राला हात लावला नसता. अन् तुमच्यासारखा कागद कोण लावणार होतं? एम.एस्सी.ची पोरं ठेवून बघितली मी दुसऱ्या गावांत. थंडीत उठत नाहीत, अंदाजे वेळ टाकतात. तुमच्या वहीत एक खाडाखोड नाही." त्याने तिच्या हातातल्या वहीवर बोट ठेवलं. "तुमच्या आत्याबाई, आपली आई, गेली तो गुरुवार होता. घरात रडारड, मी स्वतः यंत्र विसरलो होतो. त्या गुरुवारचाही कागद माझ्याकडे आहे, वहिनी. वेळ पाच वाजून दहा मिनिटं, वारा उत्तरेचा. आणि धूर कसला, तिथे तुम्ही लिहिलंय, 'आत्याबाईंचा'."

त्या दिवशी सुतक सोडून थोरली सून गच्चीवर काय करत होती म्हणून भावकीने महिनाभर तोंडसुख घेतलं होतं. रंगनाथरावही त्यात होते.

कल्याणरावांनी घसा साफ केला. "ते समदं ठीक हाय, सर. पर चौथी शिकलेल्या बाईची वही सुनावनीत कोन धरनार? वकील इचारतील, ही बाई कोन? हिला काय कळतं? वहिनींनाच उभं करतील तिथं. घरच्या बाईचं असं चारचौघांत..."

"कल्याण," रंगनाथराव म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण कल्याणराव गप्प झाले.

"माज्या बायकोचं नाव काढून माज्याच पडवीत धमकी देतूस व्हय? संचालक मी हाय. चेअरमनला सांग, राख धरायच्या यंत्राचं मी सोता बैठकीत मांडनार. वाल्मिकचे ट्रॅक्टर लावा न्हाईतर न लावा." मग लेकाकडे बघून, "तुला काय म्हनायचंय?"

वाल्मिक काय म्हणणार? तो आईकडे बघायचं टाळत होता. "काय न्हाई, दादा. माजंच तोंड लई सैल."

कल्याणराव उठले, चपला शोधू लागले. तेल गेलं, तूप गेलं, अशा माणसाच्या हाती जे येतं ते आता वाल्मिक देव्हाऱ्यातून घेऊनच आला होता. "आई, धुपाटनं. निखारे घालू का?"

"घाल," बनुबाईच्या आधी रंगनाथरावच बोलले. "आन् नारळ दे इकडं."

रंगनाथराव जिना चढू लागले तेव्हा सगळे बघत राहिले. गच्चीवर यंत्र आलं तेव्हापासून ते कधी त्याच्याजवळ गेले नव्हते. कारखान्याच्या संचालकाने कारखान्याचा धूर मोजणाऱ्या यंत्राकडे कशाला फिरकायचं? वर पोचेपर्यंत त्यांना दम लागला. यंत्राच्या छपराला बनुबाईने सकाळीच माळ घातली होती. पलीकडे उसाची रानं, आणि त्यांच्याही पलीकडे कारखान्याचं धुराडं, अजून थंड.

बनुबाईने चिमट्याने नवा कागद लावला. बटणावर बोट ठेवून तिने दिराकडे बघितलं. "बंद ठिवू का यंदा?"

"नाही. चालू. फक्त या वेळी लिहा."

पंप घरघरू लागला. रंगनाथरावांनी नारळ फोडला, वाल्मिकच्या हातातलं धुपाटणं घेतलं आणि गुग्गुळ टाकला. सवय नसल्यामुळे जरा जास्तच पडला. धुराचा लोट उठला तसे कानिफनाथ आणि दिपाली दोघंही खोकले, आणि गहिनीनाथ म्हणाला, "यंदाचा ठिपका मोठा येणार बघ."

रंगनाथरावांनी यंत्राला ओवाळलं. मग धुपाटणं खाली ठेवून बायकोजवळ आले आणि वहीत डोकावले. एकोणीस वर्षांत प्रथमच. तिचं अक्षर बारीक, गोल, एका ओळीत. बराच वेळ ते मागची पानं उलटत राहिले. एका पानावर थांबले. आईच्या पानावर.

"सोमवारी तू येनार," ते म्हणाले. "तुला कुनी इचारलं ही बाई कोन, तर मी हाय तिथं."

बनुबाईने पदराने डोळे टिपले, पेन उघडलं. "वाजले किती?"

"बारा चाळीस," दिपालीने मोबाईल बघून सांगितलं.

बनुबाई बोलत बोलत लिहू लागली. "बुधवार. खंडेनवमी. बारा चाळीस. वारा पश्चिमेचा. धूर..." तिथे पेन अडलं. एकोणीस वर्षं कोरी राहिलेली जागा.

"लिव की," रंगनाथराव म्हणाले. "धुपाचा."

तिने लिहिलं.

"आन् फुडं लिव, आपलाच."